पट्टी ‘वरवरची’ नसते, काका

नमस्कार काका,

सडेतोड लिहिलंत, ते आवडलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कातडीला चिकटवलेली औषधाची पट्टी ‘वरवरची’, ती रक्तात काय पोचवणार, हा कंपन्यांचा बाजार आहे, खरंच चालत असती तर इन्शुलिनची पट्टी का नाही आली? शिवाय काकूंना विस्मरणासाठी रिवास्टिग्मिनची पट्टी लावता, पण ‘फरक शून्य’.

इन्शुलिनचा प्रश्न बिनतोड आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर केसाहून पातळ, तरी साधारण 500 डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) आतले, तेलात विरघळणारे रेणूच तो सहजी आत सोडतो. निकोटिन 162 डाल्टनचं, इन्शुलिन 5,800 च्या आसपास. नुसतं चिकटवून ते जाणारच नाही. सूक्ष्म सुयांच्या पट्ट्या हा त्यावरचा मार्ग. गॅम्बियात गोवर-रुबेलाची लस अशा पट्टीतून लहान मुलांना देऊन पाहिली, निष्कर्ष 2024 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. पण लस कणभर पुरते. इन्शुलिन रोज लागतं, तेही जेवणाप्रमाणे कमीजास्त.

‘वरवरची’ हा शब्द मात्र मला मुळीच मान्य नाही. कर्करोगाच्या वेदनांसाठी फेन्टानिलची पट्टी देतात, ती 72 तास चालते. तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली किंवा अंगात ताप भरला, तर औषध भराभर रक्तात उतरतं आणि श्वास मंदावू शकतो. काढलेल्या पट्टीतही औषध बरंच उरतं. अशा पट्ट्या हाती लागून लहान मुलं दगावली आहेत. बाजार आहे, नाही कोण म्हणतो? पण बाजार आहे म्हणून औषध लटकं ठरत नाही.

काकूंच्या पट्टीने आजार बरा होत नाही. काहींची घसरण थोडी लांबते, एवढंच. फायदा असा, की कॅप्सूलने होणारी मळमळ-उलटी पट्टीने बरीच कमी होते. ती 24 तासांची असते. जुनी काढायची राहून नवी लावली तर डोस वाढतो, आणि हा घोटाळा घरोघरी होतो, कारण पट्टी पाठीवर, दिसत नाही. त्याच जागी पुन्हा 14 दिवस लावायची नाही, तिथे शेकायचंही नाही.

आज नवी लावण्याआधी काकूंची पाठ, दंड, छाती नीट बघा. एकाहून जास्त पट्ट्या सापडल्या तर सगळ्या काढा, नवी लावू नका आणि लगेच डॉक्टरांना फोन करा.