लॅरी ब्राउन यांचे दुहेरी यश
अमेरिकी बास्केटबॉल प्रशिक्षक लॅरी ब्राउन यांच्यावरील लेखात त्यांनी वारंवार संघ बदलले अशी टीका आहे, ती रास्त आहे. परंतु १९८८ साली कॅन्सस विद्यापीठाला एनसीएएचे (महाविद्यालयीन स्पर्धेचे) आणि २००४ साली डेट्रॉइट पिस्टन्सला एनबीएचे (व्यावसायिक लीगचे) विजेतेपद मिळवून देणारे, म्हणजे दोन्ही स्तरांवर सर्वोच्च यश मिळवणारे ते एकमेव प्रशिक्षक आहेत, याला अधिक जागा मिळायला हवी होती. कॅन्ससला डॅनी मॅनिंगसारख्या असामान्य खेळाडूचा आधार होता. पिस्टन्सने मात्र सांघिक बचावाच्या बळावर शकील ओनील आणि कोबी ब्रायंट यांच्या लॉस एंजेलिस लेकर्सना अंतिम फेरीत ४-१ असे नमवले. माझ्या मते तेच ब्राउन यांचे सर्वोत्तम काम होय. यूसीएलए, कॅन्सस आणि एसएमयू या तिन्ही विद्यापीठांवर त्यांच्या कारकिर्दीतील नियमभंगांमुळे कारवाई झाली, हेही लेखात नोंदवणे आवश्यक होते.