२५२० वर रामानुजन यांचं नाव कोणी चिकटवलं?

डिसेंबरात गणित दिन जवळ आला की कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. "२५२० ही जगातली एकमेव संख्या, जिला १ ते १० या सगळ्या संख्यांनी भाग जातो. शोध रामानुजन यांचा. रहस्य: ७ वार × ३० दिवस × १२ महिने. पाश्चात्त्य गणितज्ञ थक्क!" खाली जोडलेल्या हातांची रांग. मी सहावीच्या शिकवण्या घेतो, गप्प बसवत नाही.

एकमेव? ५०४० ला भाग देऊन बघा, मग ७५६० ला. २५२० चा अख्खा पाढा चालतो. "सर्वांत लहान" लिहिलं असतं तर माझी हरकत नव्हती.

रामानुजन यांचा शोध? अहो, हा लसावि आहे! ५, ७, ८, ९ यांचा गुणाकार केला की संपलं; २, ३, ४, ६, १० त्यातच आले. लसावि काढायची रीत युक्लिडने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवली आहे.

रहस्याचा गुणाकार मात्र बरोबर आहे. ३० मधून २, ३, ५ मिळतात, १२ मधून २, २, ३, आणि ७ आहेच. हवे तेवढेच अवयव. पण ३६५ दिवसांच्या वर्षाचं काय? तिथी धरल्या तर अधिक महिना आडवा येतो. सप्तस्वर, तीस तिथी आणि बारा ज्योतिर्लिंगं घेतली तरी उत्तर २५२० च.

रामानुजन यांचा या संख्येशी खरा संबंध आहे, तो मेसेजमध्ये नाही. आपल्यापेक्षा लहान असलेल्या प्रत्येक संख्येहून जिला जास्त विभाजक असतात, अशा संख्यांवर त्यांनी १९१५ साली प्रदीर्घ शोधनिबंध लिहिला. २५२० त्यांतलीच, विभाजक ४८. पण त्यांच्या तक्त्यातल्या १०२ संख्यांपैकी ती फक्त एक. तक्ता थांबतो ६७,४६,३२,८३,८८,८०० वर, जिला १०,०८० विभाजक आहेत. संगणक नसताना! थक्क व्हायचं तर इथे व्हा. तेवढ्या पल्ल्यात त्यांच्याकडून एकच संख्या सुटली: २,९३,३१,८६,२५,६००. मला ती फार आवडते. तिला २३ ने गुणा, तक्त्यातली शेवटची संख्या येते. मोबाईल बाजूला ठेवून करा.