'ड्रेकमुळे मोठा झाला' म्हणण्याआधी तारखा बघा

गेली दोनेक वर्षं एक मजकूर सगळीकडे फिरतोय. कधी इंग्रजीत, कधी मराठीत, कधी रीलखालच्या चार ओळींत. त्याचा मथितार्थ असा: केंड्रिक लामार हा समीक्षकांचा लाडका रॅपर, सामान्य श्रोता त्याला २०२४ आधी ऐकतच नव्हता. त्याला पुढे आणलं तेही ड्रेक या कॅनडाच्या प्रसिद्ध रॅपरनेच. मग त्याच ड्रेकशी भांडण काढून त्याने ड्रेकवरचं 'नॉट लाइक अस' हे गाणं हिट करून घेतलं, त्यातून सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यातला, कार्यक्रम मिळाला आणि सुपर बोलच्या लाटेवर 'जीएनएक्स' हा अल्बम विकला गेला.

एकातून एक निघणारी गोष्ट पटकन पटते, तशीच हीही पटते. पण मी गेली बारा-तेरा वर्षं या माणसाचं काम ऐकतोय आणि ही गोष्ट वाचली की मला खरंच वाईट वाटतं. एका कलाकाराची पंधरा वर्षांची कमाई पुसून ती एका भांडणाच्या खात्यावर टाकली जाते आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी त्यात जे खरं आहे ते मान्य करतो. बिलबोर्डच्या 'हॉट १००' या गाण्यांच्या चार्टवर २०२४ आधी केंड्रिकची पहिल्या क्रमांकाची गाणी दोनच होती. २०१५ मध्ये टेलर स्विफ्टच्या 'बॅड ब्लड'च्या रीमिक्समध्ये तो पाहुणा होता. स्वतःच्या नावावरचं गाणं एकच, २०१७ मधलं 'हंबल'. या चार्टवर ड्रेक त्याच्या कितीतरी पुढे आहे आणि ते नाकारण्यात काही अर्थ नाही.

पण 'लोक ऐकतच नव्हते' हे त्यावरून सिद्ध होत नाही. बिलबोर्डचे मुख्य चार्ट दोन आहेत आणि ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. 'हॉट १००' एकेका गाण्याचा. त्यात स्ट्रीमिंग आणि विक्रीबरोबर रेडिओवर गाणं किती वाजलं हेही धरतात. 'बिलबोर्ड २००' अल्बमचा. तिथे रेडिओला जागा नाही. अल्बम किती विकला गेला आणि त्यातली गाणी लोकांनी स्वतःहून किती वेळा लावली, एवढंच तिथे मोजतात. डिसेंबर २०१४ पासून १,५०० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम असा हिशेब सुरू झाला. २०१८ मध्ये तो बदलून पैसे भरणाऱ्या श्रोत्यांचे १,२५० आणि फुकट ऐकणाऱ्यांचे ३,७५० असा झाला. केंड्रिक पहिल्यापासून अल्बमचा माणूस आहे. त्याचा श्रोता शोधायचा तर याच चार्टवर शोधायला हवा.

तिथे काय दिसतं? 'गुड किड, मॅड सिटी' हा मोठ्या कंपनीकडून आलेला त्याचा पहिला अल्बम २२ ऑक्टोबर २०१२ ला आला. त्याच दिवशी टेलर स्विफ्टचा 'रेड' आला होता आणि तो पहिल्या आठवड्यात बारा लाखांवर खपला. त्या तडाख्यातही लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनच्या या पंचवीस वर्षांच्या पोराचा अल्बम २,४२,००० प्रती खपून दुसऱ्या क्रमांकावर आला. आणि मग तो 'बिलबोर्ड २००'मधून हललाच नाही. २०१९ मध्ये त्याने टिकण्याच्या बाबतीत एमिनेमच्या 'द एमिनेम शो'ला मागे टाकलं आणि पुढे ५२० आठवड्यांचा, म्हणजे दहा वर्षांचा टप्पाही ओलांडला. हिप-हॉपच्या दुसऱ्या कुठल्याही स्टुडिओ अल्बमला त्याआधी हे जमलं नव्हतं. हे समीक्षकांच्या लाडाने होत नाही. समीक्षक अल्बमबद्दल एकदा लिहितात आणि पुढच्याकडे वळतात. दहा वर्षं दर आठवड्याला तो कुणीतरी पुन्हा लावतंय, तेव्हाच तो यादीत राहतो.

का लावतात, तेही सांगतो. त्या अल्बममध्ये 'सिंग अबाउट मी, आयॅम डाइंग ऑफ थर्स्ट' नावाचं बारा मिनिटांचं गाणं आहे. मी ते पहिल्यांदा लोकलमध्ये, दाराशी उभा राहून ऐकलं. पहिलं कडवं केंड्रिक एका मारल्या गेलेल्या मित्राच्या भावाच्या तोंडून म्हणतो. तो भाऊ सांगतोय की तुझा अल्बम येईपर्यंत मी जिवंत राहिलो नाही तर... आणि तिथेच गोळ्यांचा आवाज येतो, वाक्य तुटतं. ते वाक्य पूर्ण होत नाही, कुणी ते पूर्ण करायला येत नाही. दुसरं कडवं एका मुलीच्या तोंडून येतं. तिच्या बहिणीवर केंड्रिकने आधीच्या अल्बममध्ये गाणं केलं होतं, त्याचा राग तिच्या मनात आहे. मी पुसली जाणार नाही, असं ती ठणकावून सांगत असते आणि सांगता सांगता तिचा आवाज बारीक बारीक होत जातो. ती बोलतेच आहे, आपल्याला ऐकू येईनासं होतं. माझं उतरायचं स्टेशन त्या दिवशी मागे गेलं. हे गाणं रेडिओवर वाजण्यासारखं नाही, 'हॉट १००'च्या शिखरावर जाण्यासारखं तर नाहीच. पण ज्याने एकदा ऐकलं तो अल्बमकडे परत येतो, आणि त्या ५२० आठवड्यांमागे असेच परत येणारे लोक आहेत.

'समीक्षकांचा लाडका' हे बिरुद खरं तर २०१५ च्या 'टू पिंप अ बटरफ्लाय'पासून चिकटलं. जॅझ आणि फंकने भरलेला, कमासी वॉशिंग्टनचा सॅक्सोफोन आणि थंडरकॅटचा बेस घेऊन आलेला हा अल्बम पार्टीत लावायला कठीण, हे मलाही मान्य. तरी तो आला तो थेट पहिल्या क्रमांकावर. त्यातल्या 'ऑलराइट'चं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. 'हॉट १००'वर हे गाणं जास्तीत जास्त ८१ व्या क्रमांकापर्यंत गेलं. नुसता चार्ट बघणारा म्हणेल, पडलं. पण जुलै २०१५ मध्ये क्लीव्हलँडला कृष्णवर्णीयांच्या चळवळीच्या परिषदेनंतर पोलिसांसमोर उभे असलेले लोक त्याचंच ध्रुवपद एका सुरात म्हणत होते, आणि नंतर ते अमेरिकेतल्या कितीतरी शहरांतल्या मोर्चांत ऐकू आलं. ८१ वा क्रमांक आणि रस्त्यावर हजारो तोंडी असलेलं ध्रुवपद, दोन्ही एकाच गाण्याचं. मोर्चात म्हटलेल्या गाण्याची नोंद कुठल्याच चार्टमध्ये होत नाही.

आणि ज्यांना चार्टच हवा आहे त्यांच्यासाठी 'डॅम' आहे. एप्रिल २०१७. पहिल्या आठवड्यात ६,०३,००० अल्बमइतकी खप-आणि-स्ट्रीमिंगची बेरीज, थेट पहिला क्रमांक. त्यातली सगळीच्या सगळी १४ गाणी एकाच आठवड्यात 'हॉट १००'मध्ये. 'हंबल' पहिलं, 'डीएनए' चौथ्यापर्यंत. आणि वर्ष संपलं तेव्हा बिलबोर्डच्या २०१७ च्या वार्षिक यादीत सगळ्या प्रकारच्या संगीतातला पहिल्या क्रमांकाचा अल्बम हाच होता. याच अल्बमला २०१८ मध्ये संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेरच्या कामाला ते त्याआधी कधीच दिलं गेलं नव्हतं. क्रम नीट बघा: लोकांनी त्याला वर्षाचा पहिला अल्बम आधी केलं, पुलित्झरवाले नंतर आले. ड्रेकशी भांडण तेव्हाही अजून सहा वर्षं लांब होतं. पुढे पाच वर्षं स्वतःचा अल्बम न काढता २०२२ मध्ये 'मिस्टर मोराल' आणला, तो विषयाने जड, बराचसा मानसोपचाराबद्दलचा. तोही २,९५,५०० ची बेरीज घेऊन पहिल्याच क्रमांकावर.

आता 'ड्रेकनेच त्याला पुढे आणलं' हा मुद्दा. यात एक खरी गोष्ट आहे आणि ती ड्रेकच्या बाजूची आहे. नोव्हेंबर २०११ मधल्या आपल्या 'टेक केअर' अल्बममध्ये ड्रेकने एक अख्खं मध्यांतर, म्हणजे दोन गाण्यांमधला छोटा तुकडा, केंड्रिकला दिलं, २०१२ च्या दौऱ्यावर त्याला सोबत नेलं. नव्या मुलासाठी ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याच्या चार महिने आधी, जुलै २०११ मध्ये, केंड्रिकचा 'सेक्शन.८०' हा अल्बम आलेला होता आणि नावाजलेला रॅपर-निर्माता डॉक्टर ड्रेने त्याला त्याआधीच स्टुडिओत बोलावून घेतलं होतं. ज्याला पुढे आणायचं तो आधीच निघालेला होता. यात एक बारीक पुरावा आहे. 'गुड किड, मॅड सिटी'मधलं 'पोएटिक जस्टिस' ड्रेकबरोबरचं आहे. ते 'हॉट १००'वर २६ व्या क्रमांकापर्यंत गेलं. ड्रेक नसलेलं 'स्विमिंग पूल्स' १७ व्यापर्यंत गेलं.

'गाणं नाही, भांडण चाललं.' हा सगळ्यात जास्त सांगितला जाणारा मुद्दा आणि माझ्या मते सगळ्यात कमी विचार केलेला. २०२४ च्या मार्चमध्ये रॅपर फ्यूचर आणि निर्माता मेट्रो बूमिन यांच्या 'लाइक दॅट'मध्ये केंड्रिकने ड्रेकला डिवचून ठिणगी टाकली. ते गाणं तीन आठवडे पहिलं होतं. मग एप्रिल-मेमध्ये दोन्हीकडून गाण्यांचा मारा झाला. समजा भांडणच विकलं जात होतं, तर त्यातली सगळी गाणी सारखीच चालायला हवी होती आणि सगळ्यात जहरी गाणं सगळ्यात वर जायला हवं होतं. झालं उलटंच. केंड्रिकचं सगळ्यात क्रूर गाणं 'मीट द ग्रॅहम्स'. त्यात तो ड्रेकच्या घरातल्या एकेकाला उद्देशून बोलतो, मला ते आजही पुन्हा लावावंसं वाटत नाही. ते बाराव्या क्रमांकावर थांबलं. 'युफोरिया' तिसऱ्यापर्यंत गेलं. ड्रेकचं 'फॅमिली मॅटर्स' सातव्यापर्यंत. तोच आठवडा, तेच भांडण, तेच कुतूहल. पहिला क्रमांक मिळाला तो 'नॉट लाइक अस'ला, कारण ते नाचता येण्यासारखं होतं.

त्याची बीट मस्टर्ड या निर्मात्याची, लॉस एंजेलिसच्या पार्ट्यांतली. तुटक तंतुवाद्यांचा एक तुकडा गोल गोल फिरतो, खाली टाळ्यांसारखा ठोका, आणि शब्द असे की समोरच्याने उत्तर द्यावं. गर्दीने म्हणायला केलेलं गाणं आहे ते. चार्टचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो, हे आलं ४ मेच्या शनिवारी संध्याकाळी. पाच दिवसांच्या ऐकण्यावर ते पहिलं ठरलं. १९ जूनला इंगलवुडच्या फोरममध्ये केंड्रिकने ते ओळीने पाच वेळा म्हटलं आणि पाचही वेळा अख्खं सभागृह त्याच्याबरोबर म्हणत होतं. जुलैत व्हिडिओ आल्यावर ते पुन्हा पहिलं झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला पाच ग्रॅमी मिळाले, त्यात 'रेकॉर्ड ऑफ द इयर' आणि 'साँग ऑफ द इयर' दोन्ही. गाण्यात ड्रेकवर केलेले आरोप गंभीर आहेत आणि ते असे गाण्यातून करावेत का, हा वेगळा आणि रास्त प्रश्न आहे. पण भांडणाची उत्सुकता पंधरा दिवसांत ओसरते. गाणं नऊ महिने टिकलं.

'नॉट लाइक अस'चे आकडे बॉट्सने, म्हणजे आपोआप गाणं लावणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमनी, फुगवले असंही म्हणतात. हा आरोप ड्रेकच्या बाजूने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोर्टात मांडला गेला, ती याचिका जानेवारीत मागे घेतली गेली. त्याच वेळी ड्रेकने दोघांच्याही रेकॉर्ड कंपनीवर, युनिव्हर्सल म्युझिकवर, बदनामीचा दावा केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायाधीशांनी तो फेटाळला. त्यावर अपील केलेलं आहे. पण ज्या आरोपाचा पुरावा अजून कुठे मान्य झालेला नाही, तो सिद्ध झाल्यासारखा पुढे पाठवू नये.

शेवटची कडी: सुपर बोलमुळे 'जीएनएक्स' चालला. इथे तर फक्त दिनदर्शिका पुरे. 'जीएनएक्स' आला २२ नोव्हेंबर २०२४ ला. आधी गाणं नाही, घोषणा नाही, शुक्रवारी दुपारी अचानक. न्यू ऑर्लीन्सचा सुपर बोल झाला ९ फेब्रुवारी २०२५ ला, म्हणजे अकरा आठवड्यांनी. या अकरा आठवड्यांच्या सुरुवातीलाच अल्बम ३,१९,००० ची बेरीज घेऊन पहिला आला होता आणि 'हॉट १००'चे वरचे पाचही क्रमांक त्यातल्या गाण्यांनी घेतले होते. 'स्क्वॉबल अप' पहिलं, 'टीव्ही ऑफ' दुसरं, 'ल्यूथर' तिसरं. एकाच वेळी वरच्या पाचही जागा याआधी फक्त बीटल्स, ड्रेक आणि टेलर स्विफ्ट यांना मिळाल्या होत्या.

सुपर बोलचा फायदा झाला नाही असं मी म्हणणार नाही. सरासरी १३ कोटी ३५ लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला, त्यानंतर गाणी वर चढली. पण तो धक्का कुणालाही मिळतो आणि बहुतेकांचा तो एक-दोन आठवड्यांत विरतो. इथे मार्चमध्ये जे गाणं पहिलं झालं, ते ड्रेकवरचं नव्हतं. ते गायिका सिझाबरोबरचं 'ल्यूथर' होतं, एक हळुवार प्रेमगीत. त्याची सुरुवात १९८२ च्या एका युगलगीताच्या तुकड्याने होते. शेरिल लिन आणि २००५ मध्ये गेलेला ल्यूथर व्हँड्रॉस दोघं गातात, हे जग माझं असतं तर. मग त्याच कल्पनेला धरून केंड्रिक आणि सिझा एकमेकांना काय काय देऊ, ते सांगत जातात. त्यात कुणाला शिवी नाही, कुणाचा हिशेब चुकता करणं नाही. ते तेरा आठवडे पहिलं राहिलं.