थंडी वाजते म्हणजे चरबी जळते? एका फिरत्या निरोपाचा प्रतिवाद

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एप्रिलमध्ये ताईने एक निरोप पुढे पाठवला. तो त्याआधी आणि नंतरही मला निरनिराळ्या गटांवर भेटला आहे, त्यामुळे अनेकांनी तो वाचला असेलच. त्याचा आशय असा: आहार कमी केल्यावर नेहमीपेक्षा जास्त थंडी वाजू लागली तर आनंद माना, चरबी वितळू लागली आहे, बर्फ वितळताना जशी उष्णता शोषून घेतो तशीच चरबीही घेते, थंडी जितकी जास्त तितकी चरबी अधिक जळते, हुडहुडी भरणे म्हणजे शरीरातील विषद्रव्ये बाहेर पडणे, स्वेटर घालू नका, गार पाण्याने अंघोळ करा, आणि हे सारे आपोआप थांबते, म्हणून तपासण्यांवर पैसे घालवू नका. निरोप पाठवणारी ताई त्या वेळी नाशिकच्या उकाड्यात पंखा बंद करून, स्वेटर घालून बसली होती आणि पंख्यावरून घरात रोज वाद होत होता. तिला थंडी वाजत होती हे खरेच होते. निरोपात दिलेले कारण मात्र खरे नव्हते.

बर्फाच्या उपमेपासून सुरुवात करतो, कारण ती शास्त्रीय वाटते आणि म्हणूनच पटते. थिजलेला पदार्थ वितळताना उष्णता घेतो, हे बरोबर आहे. हिवाळ्यात बाटलीतले खोबरेल तेल थिजते आणि उन्हात ठेवले की पातळ होते, हे आपण पाहतोच. परंतु शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि त्या तापमानाला माणसाची चरबी पेशींमध्ये मुळातच बहुतांशी द्रवरूप असते. तिथे वितळायचे असे काही उरलेलेच नसते. वजन उतरते ते चरबीचे रेणू सुटे होऊन ऑक्सिजनशी त्यांचा संयोग झाल्यामुळे, आणि या क्रियेत उष्णता शोषली जात नाही, बाहेर पडते. एका ग्रॅममागे सुमारे ९ किलोकॅलरी. रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या संशोधकांनी २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलेल्या हिशेबानुसार १० किलो चरबी पूर्ण जळते तेव्हा तिच्यातला ८.४ किलो भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जातो आणि उरलेल्या १.६ किलोचे पाणी होते. तेव्हा चरबी जळण्याचा अंगाला काही थेट अनुभव येणारच असेल, तर तो उबेचा यायला हवा.

मग थंडी का वाजते? निरोपातला 'जितकी थंडी तितकी चरबी' हा दावा इथेच उलटा पडतो. आपण अन्न कमी केले की शरीर साठ्यातली चरबी काढते, पण त्याच वेळी खर्चही आवरते घेते, आणि अंग उबदार ठेवणे ही त्या खर्चातली मोठी बाब आहे. शरीरातील जळणाची गती ठरवणारी गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी-४ हे संप्रेरक (हार्मोन) तयार करते आणि शरीरातील ऊती त्याचे अधिक प्रभावी टी-३ मध्ये रूपांतर करतात. आहारात मोठी कपात झाली की हे रूपांतर घटते आणि चूल मंदावल्यासारखे होते. चरबीच्या पेशींतून येणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचे प्रमाणही उतरते, आणि साठा कमी होत असल्याचा संदेश मेंदूला मिळतो. शिवाय अन्न पचवताना जी ऊब निर्माण होते (मिश्र आहारात ती घेतलेल्या ऊर्जेच्या साधारण दहाव्या भागाइतकी असते), ती जेवण घटल्याबरोबर घटते. प्रथिने पचवताना ही ऊब सर्वांत जास्त मिळते, त्यामुळे काकडी, ताक आणि सूप यांवर दिवस काढणाऱ्याला डाळ, अंडी, पनीर खाणाऱ्यापेक्षा अधिक गारठा जाणवला तर नवल नाही.

याचा सविस्तर पुरावा ८० वर्षे जुना आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीझ यांनी १९४४-४५ मध्ये ३६ तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणारे हे तरुण स्वेच्छेने त्यात सहभागी झाले होते. २४ आठवडे त्यांना दिवसाला सरासरी सुमारे १,५७० किलोकॅलरी एवढेच अन्न मिळाले आणि त्यांचे वजन जवळपास चतुर्थांशाने उतरले. त्यांची नाडी मंदावली, शरीराचे तापमान उतरले, विश्रांतीच्या वेळी खर्च होणारी ऊर्जा सुमारे ४० टक्क्यांनी घटली. उन्हाळ्यातही ते जास्तीची पांघरुणे मागत आणि जेवण त्यांना इतरांना सोसणार नाही इतके गरम हवे असे. ही माणसे मुळातच सडपातळ होती आणि ऊर्जेच्या घटीतला बराच भाग शरीरच लहान झाल्यामुळे होता, हे लक्षात ठेवले पाहिजे. स्थूल माणसाने बेताने १० किलो कमी केले तर इतका परिणाम होत नाही. दिशा मात्र तीच असते. थंडी हे खर्च घटल्याचे लक्षण आहे, आणि ती जितकी जास्त तितकी जळणाची गती कमी असण्याचीच शक्यता अधिक.

एक दुसरे, निरुपद्रवी कारणही आहे. त्वचेखालची चरबी उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. ती अंगातच शिवलेली गोधडी आहे. गोधडी विरली की गारठा जाणवणारच, आणि वजन स्थिरावल्यावर चूल पुन्हा बरीचशी पेटली तरी हा भाग उरू शकतो. यात काळजीचे काही नाही, पण यातही थंडी वाजते ती चरबी गेल्यावर, ती जळत असल्यामुळे नव्हे.

विषद्रव्यांचा मुद्दा फार वेळ घेण्याजोगा नाही. यकृत आणि मूत्रपिंडे हे काम अहोरात्र करतात आणि त्यासाठी कुणाला हुडहुडी भरावी लागत नाही. खरी हुडहुडी, म्हणजे दात वाजवणारी थंडी आणि पाठोपाठ ताप, आपल्याकडे मलेरियाची किंवा मूत्रमार्गातील संसर्गाची असू शकते, आणि अशा माणसाला 'विष बाहेर पडते आहे' असे सांगून घरी बसवणे धोक्याचे आहे.

गार पाण्याच्या सल्ल्यात थोडे तथ्य आहे, म्हणून तो अधिक फसवा आहे. थंडीने अंग कापू लागले की स्नायू ऊर्जा जाळतात, आणि उष्णता निर्माण करणारी तपकिरी चरबी प्रौढांमध्येही कार्यरत असते हे २००९ पासून नीट प्रस्थापित झाले आहे. परंतु ती असते अगदी थोडी. फ्रिजमधले ७ अंशांचे एक लिटर पाणी प्यायलो तर ते ३७ अंशांवर आणायला शरीराला सुमारे ३० किलोकॅलरी लागतात, म्हणजे अर्धी पोळीसुद्धा नाही. अंघोळीचा हिशेब वेगळा असला तरी गार पाण्यात पोहून आल्यावर जी कडकडून भूक लागते, ती ही बचत पहिल्या ताटातच फेडून घेऊ शकते. उलट, एकदम गार पाणी अंगावर घेतल्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब झपाट्याने चढतो, आणि वजन कमी करू पाहणाऱ्यांत उच्च रक्तदाबाचे व हृदयविकाराचे रुग्ण कमी नसतात. स्वेटर घातल्याने वजन उतरायचे थांबत नाही, तेव्हा तो खुशाल घालावा.

राहिला तपासण्यांचा मुद्दा, आणि माझा सर्वांत मोठा आक्षेप त्यालाच आहे. थंडी न सोसणे हे रक्तक्षयाचेही लक्षण आहे, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. आधीच लोह कमी असलेल्या बाईने आहारही निम्म्यावर आणला, तर तिला वाजणारी थंडी चरबीच्या खात्यावर मांडणे हा अन्यायच आहे. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक), बी-१२ जीवनसत्त्व आणि रक्तातील साखर एवढ्या तपासण्यांत बहुतेक चित्र स्पष्ट होते. डाएटमुळे टी-३ थोडे उतरले आणि टीएसएच सामान्य असले, तर तो थायरॉइडचा आजार नसतो आणि त्यासाठी गोळ्या सुरू करणे चूक ठरते; टीएसएच वाढलेले असेल तर गोष्ट निराळी. बोटे आधी पांढरी, मग निळसर, मग लाल होत असतील, पाळी थांबली असेल, उभे राहताना अंधारी येत असेल किंवा नाडी फार मंद असेल, तर वाट पाहू नये. आणि वजन आपण ठरवून कमी केलेलेच नसेल, विशेषतः दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा संध्याकाळचा बारीक ताप सोबत असेल, तर क्षयरोगाची तपासणी आधी व्हायला हवी.

ताई दोन वेळा जेवत होती, पण त्या दोन जेवणांत भाकरी नाही, डाळ नाही, असा तिने स्वतःच नियम केला होता. तिचे हिमोग्लोबिन ९.२ निघाले, म्हणजे रक्तक्षय होता. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या चहासोबत घेऊ नका म्हणून बजावले आणि ताटात डाळ, उसळ व भाकरी परत आणायला लावली. तिचे वजन आठवड्याला दीड किलोने उतरत होते, ते आता अर्ध्या किलोने उतरते. जुलैपर्यंत तिचे हात गार पडायचे थांबले होते आणि घरातला पंखा पुन्हा फिरू लागला होता. बँकेतल्या एसीखाली मात्र तिला अजून शाल लागते, आणि ती लागतच राहील असे दिसते, कारण अकरा किलोंची गोधडी खरोखरच उतरली आहे.