जंत निघाला म्हणजे शिसे निघाले, असे नाही

बडोद्याच्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतो आहे: ‘विश्वामित्रीतल्या माशांच्या पोटात जंत निघतात, म्हणजे नदीत शिसे आहे. पाणी तपासायची गरज नाही, मासा चिरून बघा. शिवाय जंत विष ओढून घेतात, म्हणून असा मासा जास्त शुद्ध.’ एका दमात नदी विषारी आणि मासा शुद्ध!

यामागचे संशोधन मात्र खरे आहे. बर्न्ड सुरेस आणि सहकाऱ्यांनी 1994 साली जर्मनीच्या रूर नदीतले ‘चब’ मासे तपासले. त्यांच्या आतड्यातल्या काटेरी डोक्याच्या कृमींत शिसे माशाच्या मांसापेक्षा सुमारे 2,700 पट निघाले. या कृमीला स्वतःचे आतडे नसते, तो अंगाच्या त्वचेतूनच अन्न शोषतो. माशाच्या यकृतातून शिसे पित्ताबरोबर आतड्यात उतरते. एरवी मासा त्यातले बरेचसे पुन्हा शोषून घेतो, कृमी ते मधल्यामधे उचलतो.

म्हणजे खूण जंत असण्यात नाही, जंतात किती शिसे साठले त्यात आहे. जंताची अंडी पाण्यातला बारीक कवचधारी जीव खातो, त्याला मासा खातो, एवढ्यावर जंत होतो. त्यासाठी शिसे लागत नाही, स्वच्छ नदीतही हे चालते. उलट पाणी फारच विषारी झाले, तर ते बारके जीव मरतात आणि जंतही दिसेनासे होतात.

बरे, कोणता जंत? गोल जंतांत धातू सहसा इतका साठत नाही. आणि मासा चिरून डोळ्यांना जंत दिसेल, शिसे दिसणार नाही. ते प्रयोगशाळेतच मोजावे लागते.

‘शुद्ध मासा’ हे सगळ्यात धोक्याचे, कारण त्यात थोडे तथ्य आहे. शिसे घातलेल्या पाण्यात ठेवलेल्या, कृमी असलेल्या चबच्या आतड्याच्या भिंतीत शिसे कमी आढळले होते. पण आपण खातो ते मांस. शिवाय जंतात शिसे भरले असेल, तर तो मासा शिशाच्याच पाण्यात वाढलेला असणार.

विश्वामित्रीत जंतांवरून शिसे तपासायचेच, तर पावागढकडून नदी शहरात शिरते तिथले आणि शहराच्या खालच्या अंगाचे मासे घ्यावे लागतील. मासा एकाच जातीचा, जंतही एकाच जातीचा, आणि सोबत पाण्याचे नमुने. मगरी असलेल्या नदीत जाळे टाकायचे, तर वनखात्यालाही आधी विचारावे लागेल.