रस्त्यात ‘आपली’ गाडी दिसली की काय करावं?

तुमच्या घरी स्वतःची एक टू-सीटर स्पोर्ट्स कार आहे आणि पुढे तशीच, पण दुसऱ्या कुणाची तरी, चाललेली दिसली. अभिनंदन! आता सिग्नल, लेन, बाकीची वाहनं हे सगळं गौण. भाऊबंद भेटलाय. अशा वेळी नेमकं कसं वागावं याची शिकवणी गेल्या रविवारी एका सद्गृहस्थांनी मला फुकट दिली. ती एकट्याने पचवणं बरं नव्हे, म्हणून तुम्हालाही देतो.

सगळ्यात आधी चिकटा. पुढच्याच्या आरशात तुमच्या गाडीची फक्त जाळी दिसली पाहिजे. टेललाइट मूळचे आहेत की बदललेले, एक्झॉस्ट कुठला बसवलाय, हे लांबून कसं कळणार? त्याला अचानक ब्रेक मारावा लागला तर? मारू देत की. तेवढंच आणखी जवळून बघायला मिळेल.

मग डिपर मारा. माझी गाडी पहिल्या पिढीतली माझदा एमएक्स-५. म्हणजे पॉपअप हेडलाइटवाली, एरवी बॉनेटमध्ये लपलेले दिवे लावताना वर उघडतात. ही पिढी १९८९ मध्ये आली आणि १९९७ पर्यंत चालली. पुढच्या पिढीपासून दिवे कायमचे स्थिर झाले. त्यामुळे रसिकांचा हट्ट असतो, दिवे मिचकावून दाखवाच. दाखवले. पुन्हा डिपर. पुन्हा दाखवले. तरी डिपर! दोन दिव्यांना दोन मोटरी असतात, त्या आता म्हाताऱ्या झाल्यात. एखादी अडकली की गाडी एक डोळा मिटून घरी येते आणि मग मी बॉनेट उघडून, मोटरवरची रबरी टोपी काढून, आतली घुंडी बोटांनी फिरवत बसतो. पण तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तुमची करमणूक झाली ना.

सिग्नलला शेजारी आलात तर रेव्ह मारायला, म्हणजे उभ्या उभ्या इंजिन गरगरवायला सांगा. ऑइल अजून गार आहे वगैरे सबबी ऐकून घेऊ नका.

फोटो जागच्या जागी टाका, नंबर प्लेट, ठिकाण आणि वेळेसकट. चोरांनाही गाड्यांची आवड असते.

आणि ‘दुर्मीळ, दुर्मीळ’ म्हणून ओरडत राहा. एमएक्स-५ची दहा लाखावी गाडी २०१६ मध्येच कारखान्याबाहेर पडली, हे कुणी सांगितलं तर त्याला अरसिक म्हणा.

आता मुख्य विद्या, व्हिडिओ. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात फोन, तोही आडवा धरलेला. आधी बाजूने शॉट घ्या. कापडी टप वर ओढून बंद केलेला असेल तर मागच्या कोपऱ्यातलं मला जवळपास काहीच दिसत नाही, नेमके तिथेच रेंगाळा. मी इंडिकेटर दिला तरी हलू नका, फ्रेम बिघडते. मग पुढे जा, कट मारून माझ्यासमोर या आणि वेग कमी करा, कारण समोरून शॉट हवाच. तोही वळणावर हवा, वळणावर गाडी छान दिसते! माझ्या ओळखीतल्या एकाकडे जुनी पोर्शे ९११ आहे. तिचं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे. भर वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन काढावा लागला की तिचं शेपूट बाहेर निघतं. हे तुम्हाला पाठ असतं हो. तिचा इतिहास तुम्ही झोपेत सांगाल. १९६३ मध्ये ती ९०१ म्हणून दाखवली, मग पूजो या फ्रेंच कंपनीने आकड्यावर हरकत घेतली, सगळं तोंडपाठ. आणि तरी त्याच गाडीपुढे त्याच वळणावर तुम्ही ब्रेक मारता. कशासाठी? तर दहा सेकंदांच्या क्लिपसाठी, जी हललेलीच येते.

ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. स्क्रीनवर फोकस लागलाय का, हे बघायला दोन सेकंद धरा. ४४ मीटर तुम्ही आंधळे होता, आणि त्या ४४ मीटरमध्ये रविवारी मी होतो. तुम्ही उंच गाडीत, माझं डोकं तुमच्या खिडकीच्याही खाली होतं.

नाही जमत मला आता उपरोध. अहो, गाड्यांतलं ज्यांना काही कळत नाही ते लोक आम्हाला मुकाट जाऊ देतात. त्रास होतो तो तुमचाच, जाणकारांचा! हात हलवा, मीही हलवेन. पुढे कुठे थांबलो तर या, बॉनेट उघडून दाखवतो, हवं तर चालवायलाही देतो. पण गाडी चालवताना फोन हातात धरायचा नाही. काही कारण सांगू नका. रविवारी तर तुमच्या शेजारी चांगला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा रिकाम्या हाताने बसला होता. व्हिडिओ एवढाच महत्त्वाचा होता, तर फोन त्याच्याकडे द्यायला काय झालं होतं?