मामा, आधी चाकं मोजा

नाशिकच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर एक फोटो फिरतोय. कुठल्याशा स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर उभं केलेलं कोळशाचं इंजिन, चाकांनाही चकचकीत रंग फासलेला, खाली मजकूर: 'हेच ते 1853चं पहिलं इंजिन!' लगेच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, इंग्रज मागे सोडून गेले. दुसऱ्याचं, छे, शंभर टक्के आपलं, बंगालमधल्या चित्तरंजनच्या इंजिन कारखान्याचं.

मी एवढंच लिहिलं की फोटो मोठा करा आणि चाकं मोजा. मोठ्या चाकांच्या चार जोड्या आहेत. बोरीबंदर-ठाणे गाडी ओढणारी इंजिनं लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीची, त्यांना दोनच. शिवाय नंबरासोबत 'डब्ल्यूजी' ही मालगाडीच्या इंजिनांची जात स्पष्ट दिसतेय, म्हणजे 1950 किंवा त्यानंतरचं.

त्यावर मनमाडच्या शेडमध्ये एकेकाळी फायरमन असलेल्या मामांचं उत्तर: "तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस."

अहो मामा, तिकडे म्हणजे कुठे? मी ग्लासगोच्या स्प्रिंगबर्नला राहते! डब्ल्यूजींची पहिली खेप इथल्याच नॉर्थ ब्रिटिश या इंजिन बनवणाऱ्या कंपनीची. क्लाइड नदीकाठी जी क्रेन इंजिनं उचलून बोटीत ठेवायची, ती अजून उभी आहे, हायड्रो सभागृहाकडे जाताना रोज दिसते. पण म्हणून फोटोतलं इंजिन ग्लासगोचंच, असंही नाही. 1970पर्यंत डब्ल्यूजी 2450 झाली. बरीचशी चित्तरंजनची, काही जपान आणि ऑस्ट्रियाचीही. नॉर्थ ब्रिटिशची शंकरपाळ्याच्या आकाराची पितळी पाटी असती तर सोपं होतं. पण पाट्या स्क्रूवर असतात, निघतात, भंगारात जातात, नाहीतर कुणाच्या तरी दिवाणखान्यात. मग चाकं जोडणाऱ्या दांड्यांवर ठोकलेले नंबर बघायचे. तेही जपूनच, कारण वर्कशॉपमध्ये एकाच्या दांड्या दुसऱ्याला बसायच्या, बॉयलरही. हे मामांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, म्हणून तर चीड येते. 'आपलं की त्यांचं' एवढाच प्रश्न कसा पुरतो यांना?

इथल्या लाडक्या फ्लाइंग स्कॉट्समन या वाफेच्या इंजिनाने तर कित्येक वर्षं दुसऱ्याच, ए-फोर जातीच्या इंजिनाचा बॉयलर लावून काढली. तरी ती येणार म्हटलं की रुळाकाठी माणसं थर्मास घेऊन उभी.

आणि इथल्या रिव्हरसाइड म्युझियममधलं 3007 नंबरचं इंजिन. 1945 साली इथे बनलं, दक्षिण आफ्रिकेत राबलं, म्हातारपणी ग्लासगोने परत आणलं, तिकडच्या नंबरासकट. नंबर बदल मग आत घेतो, असं कुणी म्हणालं नाही. खरं सांगायचं तर मला त्या लोखंडाचा हेवा वाटतो. मी माहेरी पोचले की चहा व्हायच्या आत पहिला प्रश्न असतो, "परत कधीचं तिकीट?" आणि इथे बसस्टॉपवरची आजी प्रेमाने विचारते, "मूळची कुठली गं?" दोन्हीकडे उत्तर देऊन कंटाळा आलाय.

मामांना मी लिहिलंय, पुढच्या वेळी जाल तेव्हा दांड्यांचा जवळून फोटो काढा, रंगाखाली आकडे दिसतील. त्यांनी मेसेज वाचलाय, उत्तर नाही. मामींचं मात्र लगेच आलं: "ते राहू दे. तुझं ओसीआय कार्डाचं झालं का?"